इंजिनाने सोसले, म्हणून आपण सोकावलो



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणे, खोडवा, पाचट आणि पाणी यांवरच लिहितो. या वेळी गाडीच्या इंजिनावर लिहीत आहोत, म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. ऊस पिकवणाऱ्याच्या घरात व्हॅन ही आता चैन राहिलेली नाही. चार एकर रान दोघा भावांत वाटले गेले की दोन-दोन एकरांवर प्रपंच चालत नाही. मग थोरला रान बघतो आणि धाकटा व्हॅन घेतो. पहाटे दुधाचे कॅन, नऊ वाजता शाळेची पोरे, दुपारी बाजाराचा माल, लग्नसराईत वऱ्हाड आणि आषाढीला पंढरपूर, असा त्या गाडीचा बारमाही धंदा असतो. गाडीचे कर्ज बँकेचे असले तरी हप्ता ठरतो तो उसाच्या बिलावर डोळा ठेवून. म्हणजे इंजिन बसले की भुर्दंड शेवटी उसालाच. तेव्हा हा विषय आपल्या पानाचाच आहे.

लिहायला निमित्त झाले ते एका सभासदाच्या घरच्या प्रसंगाचे. त्यांच्या मुलाने घेतलेली नवी डिझेल व्हॅन दीड वर्षात, तीही ऐन वैशाखात, दारात उभी राहिली. पुढच्या फळीवर पिवळा दिवा पंधरा दिवसांपासून लागत होता. पोराचे म्हणणे एकच, ‘दिवा लागतोय, पण गाडी पळतीय की!’ मग एक दिवस गाडीची ओढ गेली. चाळिसाच्या पुढे काटा सरकेना. उघडून पाहिले तर धूर गाळणारी जाळी काजळीने गच्च भरलेली, ऑईलमध्ये डिझेल उतरलेले आणि टर्बोचे बेअरिंग गेलेले. ऑईल बदलल्याची नोंद पुस्तिकेत नाही आणि घातलेले ऑईलही वेगळ्याच जातीचे, त्यामुळे वॉरंटीत काही बसले नाही. लग्नाच्या ठरलेल्या सगळ्या सुपाऱ्या गेल्या. हप्ता मात्र थांबला नाही. गाडी कोणत्या कंपनीची होती ते विचारू नका. दोष गाडीचा नव्हता.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या सभासदाने एक वाक्य सांगितले. ‘आमच्या जुन्या गाडीला वीस वर्षं असंच केलं, तिला कधी काही झालं नाही.’ हे वाक्य ऐकून आम्ही परत आलो आणि त्याच वाक्यावर हा लेख लिहीत आहोत.

ती जुनी गाडी म्हणजे मॅटॅडोर. आपल्याकडे मालाच्या कोणत्याही छोट्या गाडीला ‘टेम्पो’ म्हणतात, पण मुळात हे जर्मनीत हॅम्बुर्गजवळ हारबुर्ग येथे बनणाऱ्या गाड्यांचे नाव. त्या गाड्या इकडे बनाव्यात म्हणून १९५८ साली नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो कंपनी निघाली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला तिचा मोठा कारखाना झाला. आधी तीनचाकी आली, मग मॅटॅडोर आणि १९८७ मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत पहिली चारचाकी आली ती मॅटॅडोरच्याच रूपाने. पुढची चाके ओढणारी, त्यामुळे मागचा फाळका खाली असलेली ही गाडी. कॅन चढवायला-उतरवायला बाईमाणसालाही जड जात नसे.

या गाड्यांचे नाव गाजले ते त्यांच्या डिझेल इंजिनामुळे. जर्मनीच्या मर्सिडीजचे ओएम ६१६ हे इंजिन बजाज टेम्पो परवान्याने येथे बनवत असे. हेच इंजिन तिकडे १९७३ पासून मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत होते आणि १९७७ पासून २०७ डी या व्हॅनमध्ये. त्याचा दाखला पाहा. सिलिंडर ४, मापाने २४०० सी.सी.च्या आसपास. ताकद ६५ अश्वशक्ती, मिनिटाला ४२०० फेऱ्यांवर. ओढ १३७ न्यूटन-मीटर, २४०० फेऱ्यांवर. दाब २१ ला १. ब्लॉक बीडाचा आणि हेडही बीडाचे. कॅमशाफ्ट वर, ती फिरवायला साखळी. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. डिझेल थेट पिस्टनवर न फवारता आधी हेडमधल्या छोट्या कोठीत फवारायचे, तेथे पेट घेतला की जाळ खाली येतो. या पद्धतीत डिझेल थोडे जास्त जाते, पण पिस्टनवर हिसका कमी बसतो. नोझल उघडायला सव्वाशे बारच्या आसपास दाब पुरतो. एकदा इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून ठेवली तरी ते चालतच राहते.

यात नवलाचे काही नाही, आणि तेच त्याचे मोठेपण. २४०० सी.सी.मधून अवघी ६५ अश्वशक्ती काढायची, म्हणजे दहा खंडीच्या बैलाकडून सहा खंडीचे काम घेण्यासारखे. बैल थकणार कशाने? मिस्त्रीला पाना आणि कान एवढे असले की इंजिन खोलता येई आणि बांधताही येई. डिझेलमध्ये थोडी कचकच गेली, ऑईल डांबरासारखे काळे झाले, एअर फिल्टर झटकून परत बसवला, तरी ते धूर सोडत सोडत घरी आणून पोचवी. इंजिनाने सोसले आणि आपण सोकावलो. त्याच्या सहनशीलतेला आपण आपली हुशारी समजलो.

कोणी म्हणेल, तसे इंजिन लाखो किलोमीटर चालतेच, जगजाहीर आहे. आहे खरे. ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या एका टॅक्सीवाल्याने २४० डी गाडी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ साली ती मर्सिडीजच्या संग्रहालयात गेली. ही गोष्ट गॅरेजच्या बाकावर आम्हीही पुष्कळदा ऐकली आहे. पण सांगणारे तिचा अर्धा भाग गाळतात. त्या माणसाने एकच इंजिन ४६ लाख चालवले नाही. एकापेक्षा जास्त इंजिने ठेवून तो ती आळीपाळीने काढी, दुरुस्त करी आणि पुन्हा बसवी. गाडी टिकली ती इंजिन न उघडल्यामुळे नव्हे, वेळच्या वेळी उघडल्यामुळे. आपण त्याचे किलोमीटर घेतले आणि त्याची शिस्त तिथेच ठेवली.

आता नव्या इंजिनाकडे वळू. शोरूममध्ये हातात चकचकीत पत्रक देतात, त्यात नजर जाते ती अश्वशक्तीवर. आमचे मत असे की व्हॅन घेणाऱ्याने आधी न्यूटन-मीटर बघावे आणि त्यापुढे लिहिलेल्या फेऱ्या बघाव्यात. न्यूटन-मीटर म्हणजे बैलाची ओढ, फेऱ्या म्हणजे त्याची चाल. ओढ आणि चाल यांचा गुणाकार केला की अश्वशक्ती निघते. ट्रॅव्हलरच्याच हल्लीच्या २.६ लिटर इंजिनाचे पत्रक घ्या. ताकद ११५ अश्वशक्ती २९५० फेऱ्यांवर, आणि ओढ ३५० न्यूटन-मीटर, तीही १४०० ते २२०० फेऱ्यांत. हिशेब करून पाहिला तर १४०० फेऱ्यांवरच हे इंजिन ७० अश्वशक्तीच्या आसपास देते. जुने इंजिन ४२०० फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला ७० फेऱ्या मारून, कशीबशी ६५ देई. सतरा माणसे भरून घाट चढताना जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत होती आणि नवी सहज चढते, त्याचे कारण हे. तेव्हा नवे इंजिन तकलादू आहे, असे जे पारावर बोलले जाते ते आम्हाला मान्य नाही. ते जास्त ताकदीचे आहे, कमी डिझेल पिते आणि धूरही कमी सोडते.

पण हे सगळे फुकट मिळालेले नाही. जेथे सव्वाशे बारवर काम भागत होते तेथे आता डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने फवारले जाते. इंजेक्टरची भोके अतिशय बारीक. टर्बो मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो, तोही ऑईलच्या पातळ थरावर तरंगत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा नियम देशभर लागू झाला. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी आली. डिझेलही बदलले. स्टेज चारच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५० भागांपर्यंत गंधक चालत होते, आता १० भागांपर्यंतच. या यंत्राच्या पोटात हलके तेल गेले की ते सोसत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च असा येतो की जुन्या गाडीची चारही नोझले नीट करून घ्यावीत तेवढ्यात नव्याचे एक इंजेक्टरही येत नाही.

त्या जाळीची गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्या भागातल्या व्हॅन बहुतेक तेथेच अडतात. जाळीत साठलेली काजळी इंजिन स्वतःच अधूनमधून जाळून टाकते. त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो आणि गाडी काही वेळ सलग पळावी लागते. आपली व्हॅन काय करते? वाडी ते डेअरी तीन किलोमीटर, डेअरी ते शाळा चार किलोमीटर, मध्ये वीस ठिकाणी थांबे. धूर तापायच्या आधीच किल्ली बंद. जाळणे अर्धवट राहते, त्यासाठी जादा फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरते. ऑईल पातळ झाले की टर्बो गेलाच. म्हणून तो पिवळा दिवा लागला की घाबरायचे नाही आणि दुर्लक्षही करायचे नाही. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी हमरस्त्यावर न्यायची आणि सलग पळवायची. दिवा तरीही राहिला तर त्याच दिवशी गॅरेज गाठायचे. डिपस्टिकवर ऑईल वाढलेले दिसले तर खूश होऊ नका. ऑईल आपोआप वाढत नसते, ते डिझेल असते.

दुसरी गोष्ट युरियाची. काही गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक निळ्या झाकणाची टाकी असते. तिच्यात अतिशुद्ध पाण्यातले ३२.५ टक्के युरियाचे द्रावण लागते. युरिया हा शब्द ऐकला की शेतकऱ्याचा हात आपसूक गोदामातल्या गोणीकडे जातो. बंधूंनो, तो हात आवरा. आपला युरिया २०१५ पासून सगळा निंबोळी तेलाने माखलेला येतो. पिकाला ते तेल चांगले, पण त्या टाकीतल्या पंपाला आणि पुढच्या यंत्राला घातक. विहिरीच्या पाण्यातले क्षारही तसेच. शिवाय अनुदानाचे खत शेतीबाहेर वापरणे हा गुन्हा आहे. दोन-चारशे रुपये वाचवायला जाऊन जो खर्च अंगावर येतो तो एकरभर उसाच्या बिलाने भरून निघत नाही.

तिसरी गोष्ट तेलाची. रॉकेल मिसळलेले डिझेल, किंवा ‘बायोडिझेल’ म्हणून रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे तेल जुने इंजिन खोकत खोकत पचवी. नव्याच्या पंपाला वंगण डिझेलचेच असते, ते पातळ झाले की धातूवर धातू घासतो आणि त्याचा चुरा थेट इंजेक्टरमध्ये जातो. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा खालचा स्क्रू सोडून पाणी काढायला पाच मिनिटे लागतात. पावसाळ्यात तर हे नेमाने केलेच पाहिजे. इंजिन ऑईलही कमी राखेचेच हवे, डब्यावर जे चिन्ह पुस्तिकेत सांगितले तेच. साध्या ऑईलची राख त्या जाळीत बसते, आणि काजळी जळते तशी राख जळत नाही.

काही सभासद आम्हाला विचारतात, आपले इथेनॉल या गाड्यांत चालते का? पेट्रोलमध्ये ते मिसळले जाते आणि २० टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला, याचा आपल्याला आनंदच आहे. पण डिझेल इंजिन नुसत्या दाबाने पेट घेते आणि इथेनॉल दाबाने सहजी पेटत नाही. तेव्हा आपल्याच डिस्टिलरीचे म्हणून कोणी प्रेमाने टाकीत ओतू नये!

इतके वाचून कोणी म्हणेल, मग जुनीच गाडी धुंडाळून घ्यावी हे बरे. आम्हाला तसे वाटत नाही. जुन्याबद्दल आमच्याही मनात माया आहे. पण मॅटॅडोरच्या मागच्या बाकावर बसून ज्यांनी शाळा केली त्यांना तो काळा धूर आठवत असेल. तो आपल्याच पोरांच्या छातीत गेला. वीस-पंचवीस वर्षांची गाडी स्वस्तात मिळते, पण तिचे पासिंग, तिचे गंजलेले पत्रे, तिचे पार्ट शोधत फिरणे हे सगळे धरले तर स्वस्ताई उरत नाही. आमचा मुद्दा जुने की नवे हा नाहीच. सवय जुनी आणि यंत्र नवे, ही जोडी जमत नाही, एवढाच आमचा मुद्दा आहे.

आणि या चुकीत आम्ही स्वतःला वेगळे काढत नाही. आमच्याही जुन्या गाडीच्या रेडिएटरचे पाणी महिनोन्‌महिने कमी होत होते आणि आम्ही रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतून कामाला लागत होतो. गळती कोठे आहे हे बघायला सवड नव्हती. एक दिवस घाटात हेड गॅस्केट गेले तेव्हा सवडच सवड झाली.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो. त्यावर सभासदांनी आणि संचालक मंडळाने विचार करावा.

पहिली, घरासाठी. गाडीचा हप्ता ठरवताना देखभालीचा पैसा हप्त्यासारखाच बाजूला काढा. दर फेरीमागे थोडी रक्कम वेगळ्या डब्यात. गाडीत एक वही ठेवा, तिच्यात डिझेल, किलोमीटर, ऑईल, फिल्टर यांच्या तारखा लिहा. फेऱ्या लहान असतील तर किलोमीटर भरले नाहीत तरी महिन्यांची मुदत पाळा. गाडी घेण्याआधी तिच्या पत्रकाबरोबर एवढेही विचारा, की बिघाड वाचायचे यंत्र असलेले गॅरेज आपल्या गावापासून किती अंतरावर आहे. ताकद कितीही असो, तज्ज्ञ शंभर किलोमीटरवर असेल तर ती गाडी आपल्या कामाची नाही.

दुसरी, सोसायटी आणि बँकेसाठी. कर्ज देताना सातबारा बघता, जामीनदार बघता, मग गाडी कोण चालवणार आणि तिची देखभाल कशी होणार, हे दोन प्रश्न का नसावेत? कर्जदाराच्या गाडीची वही वर्षातून एकदा बघितली तर वसुली अधिकाऱ्याचे निम्मे हेलपाटे वाचतील.

तिसरी, कारखान्यासाठी. आपल्याकडे वाहन विभाग आहे, जाणते फिटर आहेत. गाळप बंद झाल्यावरच्या दिवसांत व्हॅन चालवणाऱ्या सभासदांच्या मुलांसाठी दोन दिवसांचे शिबिर घ्यावे. फळीवरचे दिवे ओळखणे, फिल्टरचे पाणी काढणे, चढ चढून आल्यावर टर्बो निवण्यासाठी इंजिन मिनिटभर चालू ठेवणे, एवढे जरी शिकवले तरी त्या दोन दिवसांचा खर्च वसूल झाला म्हणून समजा. माती परीक्षणाचे शिबिर आपण घेतो तसेच हे.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे बिल १४ दिवसांत मिळावे, म्हणून आपण सभेत उभे राहून बोलतो, आणि बोललेच पाहिजे. मुदत पाळली नाही की किती नुकसान होते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? मग स्वतःच्या दारातल्या गाडीच्या ऑईलची मुदत आपणच कशी विसरतो? मुळे नाजूक असलेल्या रोपाला आपण पाणी मोजून देतो, तण वेळेवर काढतो, पान पिवळे पडले की त्याच दिवशी बांधावर उभे राहतो. फळीवरचा पिवळा दिवा म्हणजे दुसरे काय असते? पान पिवळे पडलेले दिसले की ‘ऊस उभा आहे की!’ असे म्हणणारा शेतकरी आम्ही तरी पाहिलेला नाही.

त्या सभासदाची गाडी दुरुस्त होऊन परत रस्त्यावर आली आहे. पोराने वही घातली आहे, आणि आम्हाला ती कौतुकाने दाखवलीही. या हंगामात उसाच्या बिलातून त्याच्या वडिलांना गॅरेजची उसनवारी फेडावी लागेल. पुढच्या हंगामात कोणाही सभासदावर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

जय किसान, जय सहकार!